एका पानाचं देणं

कौत्स दाराशी आला तेव्हा रघुराजाच्या घरात सोन्याचं एक भांडंही उरलं नव्हतं. विश्वजित यज्ञात त्याने होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं होतं. म्हणून पाहुण्याला अर्घ्य दिलं ते मातीच्या भांड्यातून. कालिदासाने 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात हे मातीचं भांडं मुद्दाम दाखवलं आहे. कौत्स ते बघतो आणि समजतो, या घरी आता मागण्यात अर्थ नाही. वरतंतू ऋषींनी त्याला चौदा विद्या शिकवलेल्या. दक्षिणा नको, तू सेवा केलीस तीच पुष्कळ, असं ते म्हणत असताना हा हट्टालाच पेटला. शेवटी गुरू चिडले आणि म्हणाले, मग आण चौदा कोटी.

रघू त्याला रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. दोन-तीन दिवस थांब म्हणतो, कुबेरावर स्वारी करायच्या तयारीने शस्त्रं घेऊन रथातच झोपतो आणि सकाळी कोठारावरची माणसं धावत येतात: रात्रीतून खजिन्यात सोन्याचा पाऊस पडलाय. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. राजा म्हणतो, हे सगळं तुझं. कौत्स म्हणतो, गुरूंना द्यायचं त्याहून जास्त मला नको. एकाला मागितलं त्याहून अधिक द्यायचं आहे, दुसऱ्याला लागतं त्याहून अधिक घ्यायचं नाही आणि अयोध्येची माणसं दोघांकडेही तितक्याच कौतुकाने बघत राहतात.

कालिदासाच्या या गोष्टीत आपट्याचं झाड कुठेच नाही. मराठी घरांत दसऱ्याला आजी-आजोबा जी गोष्ट सांगतात तिच्यात मात्र सोनं खजिन्यात पडत नाही. गावाबाहेरच्या आपट्यावर पडतं. कौत्स मोजून चौदा कोटी उचलतो आणि उरलेलं लोक लुटून नेतात. हे झाड गोष्टीत ज्याने कुणी आणलं त्याला गोष्ट फार नीट कळली होती, असं मला वाटतं. देणाऱ्याला परत नको आणि घेणाऱ्यालाही नको, अशा सोन्याचं करायचं काय? ते गावाचं झालं. दसऱ्याच्या संध्याकाळी आपण एकमेकांच्या हातावर जे पान ठेवतो ते या उरलेल्या सोन्याचं असतं, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या सोन्याचं.

भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या फुला-पानांविषयी लिहायचं ठरवलं तेव्हा गुलाबापासून निशिगंधापर्यंत पुष्कळ नावं समोर होती. पण देताना सगळ्यांना एकच अर्थ कळतो, त्यासाठी पुस्तक लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि घेणारा तशीच वस्तू लगेच परत देतो, अशी दुसरी भेट मला आपल्याकडे सापडली नाही. म्हणून हा लेख एका पानाचा.

आपटा प्रत्यक्ष ओळखणारी माणसं कमी होत चालली आहेत. पुण्याच्या वेताळ टेकडीवर वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांबरोबर फिरत होते. वाटेवरून जरा आत, दगडांतून वर आलेल्या एका बुटक्या झाडापाशी ते थांबले. खोड वाकडं, साल काळपट आणि भेगाळलेली, फांद्या खाली ओघळलेल्या. "बघून कुणी म्हणेल का, याच्यावर सोनं पडलं होतं म्हणून?" सर म्हणाले आणि एक पान माझ्या हातावर ठेवलं.

पान जाड, हाताला चिवट लागणारं. लांबीपेक्षा रुंदी जास्त, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं. देठाशी एका जागी उगम पावलेल्या शिरा दोन्ही पाळ्यांमध्ये पसरत गेलेल्या. मधली खाच फार खोल नाही. वरून गडद हिरवं; उलटं केलं की राखाडी आणि बोटाला खरखरीत. मग सरांनी शबनममधून दुसरं पान काढलं. आकार तोच, पण तळहाताएवढं, पातळ आणि मऊ. "हे कांचन. बाजारात याचंच सोनं होतं."

आपटा आणि कांचन जवळचे भाऊबंद. शास्त्रीय नावात दोघांनाही 'बोहिनिया' म्हणतात, ते योहान आणि गास्पार बोहिन या जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञ भावांच्या नावावरून. एका देठावर जोडलेल्या दोन पाळ्या आणि दोन सख्खे भाऊ: नाव देणाऱ्याने त्या भावांना केलेली ही भेटच म्हणायची. आपटा म्हणजे बोहिनिया रासेमोसा. कांचनाची गुलाबी, जांभळी, पांढरी टपोरी फुलं बघून नगरपालिका ते रस्त्याच्या कडेला लावतात. आपट्याची फुलं बारीक, फिकट, फांदीच्या टोकाला तुऱ्याने येतात. फेब्रुवारी ते मे या काळात झाडाखालून गेलं तरी कुणाचं लक्ष जात नाही. शेंगा चपट्या, वेड्यावाकड्या, कितीतरी दिवस झाडावरच लटकून राहतात. सालीच्या वाखाचे दोर वळतात, पानांच्या विड्या वळतात. माळरानावर, डोंगरउतारावर, जिथे माती कमी आणि दगड जास्त, तिथे हे झाड तग धरतं.

सरांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. हे पानझडीचं झाड. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते उघडं पडतं. पाऊस पिऊन झाला की आश्विनात पान पूर्ण वाढलेलं, जून झालेलं, पण कीड-धुळीने अजून न बिघडलेलं असतं. दसरा फाल्गुनात आला असता तर हातावर ठेवायला धड पान मिळालं नसतं. हा सण आणि हे पान यांची गाठ कुण्या पोथीने मारली, की रानावनात वावरणाऱ्या माणसाने? माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे.

*

दसऱ्याच्या आदल्या रात्री दादरला झोप नसते. पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडल्यापासून सेनापती बापट मार्गापर्यंत, पुलाखाली आणि पुलाच्या दोन्ही अंगांना केशरी-पिवळ्या झेंडूचे ढीग, शेवंती, आंब्याचे टाळे, भाताच्या लोंब्या, कुरडूचे तुरे. आणि मधूनमधून, फूटपाथच्या कडेला गोणपाटावर, आपट्याच्या नावाने विकायला आलेल्या जुड्या. या जुड्यांपाशी बसलेल्या बायका बहुतेक शहापूर, मुरबाड, कर्जत, पालघरकडच्या. कातकरी, ठाकर, वारली. संध्याकाळच्या गाडीने येतात, मालाला टेकूनच रात्र काढतात.

झेंडूवाल्याला माल विकत घ्यावा लागतो. भाव कोसळला तर तो बुडतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर ओतून दिलेला झेंडू आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. मेक्सिकोतून आलेलं हे फूल आपल्या तोरणात इतकं मुरलं की ते परकं होतं हेही कुणाला आठवत नाही; तिकडे त्याच सुमाराला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी त्याच झेंडूच्या पायघड्या घालतात. पण झेंडूला शेतकरी आहे, दलाल आहे, बाजारभाव आहे. आपट्याला यातलं काहीच नाही. त्याला भांडवल फक्त अंगमेहनतीचं. म्हणून ज्यांच्याकडे दुसरं भांडवल नसतं ती माणसं ते विकायला आणतात.

"मावशी, हा आपटा का?" मी एका बाईंना विचारलं.

"कांचन हाय, ताई. खोटं कशाला बोलू? लोकांना मोठं पान पायजे. बारीक दिलं तर म्हनतात, हे काय दिलंस."

"म्हणजे खरा आपटा आणतच नाही?"

त्यांनी ढिगाखाली हात घातला आणि फडक्यात बांधलेली लहानशी जुडी काढून दाखवली. पानं लहान, खरखरीत. "हा घरचा. उद्या सांजच्याला गावदेवाला लागतो. तिथं कांचन चालत नाय."

शहराला चालतं ते गावदेवाला चालत नाही! बाईंनी जुडी पुन्हा बांधून ठेवली आणि त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. त्यांच्याजवळचा कोयता बघून झाडांचा कैवार घेणारे लोक त्यांनाच बोल लावतात, ते मला मुळीच पटत नाही. एका पानाने भागत असताना जुडीच्या जुड्या कोण घेतं? आपण. हातावर ठेवायला मोठंच पान हवं, ही हौस कुणाची? आपली.

तरीही नुकसान होतं ते होतंच आणि ते कसं होतं हे नीट समजून घ्यायला हवं. आपट्याला फुलोरा येतो फांदीच्या टोकाला आणि दसऱ्याला मोडली जातात तीही टोकंच. ऑक्टोबरात शेंडे गेले की पुढच्या उन्हाळ्यात तुरे कमी, तुरे कमी म्हणून शेंगा कमी, शेंगा कमी म्हणून बी कमी. झाड मरत नाही, उभं राहतं. त्याची पुढची पिढी तेवढी रुजायची राहते. असं वर्षानुवर्षं झालं की डोंगरावर म्हातारी झाडं दिसतात आणि त्यांच्या पायाशी एकही रोप दिसत नाही. शहरातल्या झाडांसाठी १९७५ सालचा कायदा आहे आणि झाडाला इजा करणं हेही त्यात तोडण्यातच मोजलं जातं. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी रस्त्याकडेच्या कांचनावर चढलेल्या पोराला कायदा सांगायला कोण जाणार?

*

पान देण्याची रीत लहान आहे, पण ती रीत आहे. धाकट्याने थोरल्याकडे जायचं. पान हातावर ठेवायचं, वाकून नमस्कार करायचा, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणायचं. थोरल्याने आपल्याकडचं पान त्याच्या हातावर ठेवायचं. देवाला आधी, मग घरातल्या मोठ्यांना, मग शेजारी, मग गाव. पाटीवर एक-एक आकडा जोडून काढलेल्या सरस्वतीला, वह्यांना, विळ्या-कोयत्याला, शिलाई मशीनला, रिक्षाच्या हँडलला. विदर्भात रावण जळाला की लोक घरोघर निघतात आणि काही घरांत हे येणं-जाणं कोजागिरीपर्यंत चालू राहतं. कोल्हापुरात दसरा चौकात अंबाबाईची पालखी येते, छत्रपती घराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक गाडीतून येतात, शमीपूजन होतं आणि पूजा झाल्या क्षणी गर्दी पानांवर तुटून पडते. तळकोकणात आणि गोव्यात देवाची तरंगं वाजतगाजत बाहेर पडतात, शिवलग्न लागतं आणि मग सोनं लुटतात.

या देण्याचा हिशेब मला फार विलक्षण वाटतो. मी तुम्हाला पान दिलं, तुम्ही मला पान दिलंत. रात्री घरी परतताना प्रत्येकाच्या खिशात जेवढी पानं निघताना होती साधारण तेवढीच असतात. फक्त ती दुसऱ्यांची असतात. कुणी श्रीमंत झालं नाही, कुणावर उपकार झाला नाही, परतफेडीचं ओझं कुणाच्या डोक्यावर बसलं नाही. आहेर म्हटला की वही येते आणि वहीत आकडे येतात. आपट्याच्या पानाची वही कुणी ठेवल्याचं ऐकिवात नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. आपल्याकडे बायकांना फुलं-फळं देण्याच्या ज्या रीती आहेत त्या बहुतेक कुंकवाशी बांधलेल्या आहेत. ओटी भरायची ती सवाष्णीची, वेणी-गजरा द्यायचा तो सवाष्णीला, संक्रांतीचं वाण लुटायचं ते सवाष्णींनी. नवरा गेला की बाई या देण्याघेण्यातून एका दिवसात बाहेर. आपट्याचं पान मात्र तिला वगळत नाही. ती देते, घेते, आशीर्वाद देते. माझ्या ओळखीतल्या एका आजी तरुणपणीच विधवा झाल्या. वर्षभरात लोक आपण होऊन त्यांच्या पाया पडायला येत तो दिवस एकच होता, दसऱ्याचा. त्या दिवशी त्या दुपारपासून ओसरीवर बसून असत, शेजारी पानांचं ताट.

सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शिक्षकांनी मला त्यांच्या गावच्या दोन भावांबद्दल सांगितलं. बांधावरून कोर्टात गेलेले. एरवी समोरासमोर आले तरी मान वळवतात. पण दसऱ्याला धाकटा पान घेऊन थोरल्याच्या दारात जातो, थोरला पान घेतो, देतो. चहा नाही, बोलणं नाही. "मिटलं का मग?" मी विचारलं. "छे! तारखा चालूच आहेत. पण सोनं एकदाही चुकलेलं नाही." पानाने भांडण मिटतं असं मी म्हणणार नाही. पण वर्षातून एकदा उंबऱ्यापाशी उभं राहायची सोय त्याने केली आहे, हे खरं. सोनं घेऊन आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत.

दसऱ्याला सोनं का, याचं एक उत्तर सर्रास दिलं जातं: मराठी शिपाई मोहिमेवरून लूट घेऊन परतत, बायका त्यांना ओवाळत, त्याची ही आठवण. मला या उत्तराची दिशा उलटी वाटते. पावसाळा संपला, नद्यांना उतार पडला, की दसऱ्याला मोहिमा निघत. सीमोल्लंघन म्हणजे शीव ओलांडून बाहेर जाणं. परत कोण येईल, कोण नाही, याचा भरवसा नसलेल्या माणसाच्या हातावर निघताना पान ठेवायचं आणि सोन्यासारखं राहा म्हणायचं, यातला अर्थ लुटीपेक्षा कितीतरी खोल आहे.

पण सगळ्यांनाच हे पान एकसारखं मिळालं, असं म्हणणं खोटं ठरेल. गावच्या सीमोल्लंघनाला मानकरी असत, पहिली फांदी तोडायचा मान ठरलेला असे, पुढे कोण आणि मागे कोण हेही ठरलेलं असे आणि काही माणसांना त्या मिरवणुकीत वेशीबाहेरचीच जागा होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तो दिवस अशोक विजयादशमीचा. तेव्हापासून लाखो मराठी घरांत दसऱ्याचा अर्थ बदलला आणि त्या घरांचं झाडही वेगळं झालं. दीक्षाभूमीवर जो बोधिवृक्ष आहे तो श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाचा वंशज. अनुराधापूरचं ते झाड इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेहून नेलेल्या फांदीचं. दिलेल्या भेटीने समुद्र ओलांडला, तिकडे ती दोन हजारांहून अधिक वर्षं जिवंत राहिली आणि मूळ भूमीत परत आली. रोपाच्या भेटीची याहून मोठी कहाणी मला ठाऊक नाही. दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीवर गेलेली माणसं परतताना पिशव्या भरून पुस्तकं नेतात. त्या दिवसाचं सोनं त्यांनी स्वतः ठरवलेलं आहे.

*

युरोपात फुलांच्या भेटीला अर्थ चिकटवायचं काम पुस्तकांनी केलं. १७१७-१८ मध्ये इस्तंबूलला राहिलेल्या लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या इंग्रज बाईने तिथल्या बायका फुलं, फळं, दोरे, मोती पाठवून गुप्त निरोप कसे देतात याचं वर्णन पत्रांतून केलं. पुढे १८१९ मध्ये पॅरिसला शार्लोत द लातूर या टोपणनावाने फुलांच्या भाषेचं पुस्तक निघालं आणि मग अशा कोशांचा पूर आला. केट ग्रीनअवेचा सचित्र कोश १८८४ चा. अमुक फुलाचा अर्थ निष्ठा, तमुकाचा मत्सर, पिवळ्याचा एक, पांढऱ्याचा दुसरा. दोघांकडे वेगवेगळे कोश असले तर अर्थाचा अनर्थ व्हायचा. ती भाषा दोघांतली, चोरून बोलायची होती. तिथल्या समाजात तरुण मुलामुलींना उघड बोलायची मोकळीक नव्हती, हे लक्षात घेतलं की तिची गरजही समजते.

आपट्याचं पान चोरून देता येत नाही. ते उघड्यावर, गर्दीत, ज्याच्या त्याच्या हातावर ठेवायचं असतं. याच्या जवळ जाणारी बाहेरची एक घटना मला लिस्बनमध्ये दिसते. २५ एप्रिल १९७४ ला सैन्याने तिथली हुकूमशाही उलथली त्या सकाळी सेलेस्त काएरू नावाची रेस्टॉरंटमधली कामगार बाई हातात कार्नेशन घेऊन घरी निघाली होती. रेस्टॉरंटच्या वाढदिवसानिमित्त ग्राहकांना वाटायला आणलेली ती फुलं, रेस्टॉरंट बंद राहिल्याने उरलेली. एका शिपायाने सिगरेट मागितली. तिच्याकडे नव्हती, तिने फूल दिलं. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचलं आणि क्रांतीला त्या फुलाचं नाव पडलं. गोमंतकीयांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण गोवा मुक्त झाल्यावरही भारताचा हक्क नाकारत राहिलेली राजवट ती हीच. ती गेल्यावर, १९७४ संपता संपता, पोर्तुगालने तो मान्य केला. काएरूबाईंच्या फुलाचा अर्थही कुठल्या कोशात नव्हता. उरलेलं होतं, हातात होतं, समोरच्याला काहीतरी द्यावंसं वाटलं.

ठरल्या दिवशी फूल द्यायची रीत आता आपल्याकडेही आहे. मावळात तळेगावच्या आसपासच्या पॉलिहाऊसमध्ये डिसेंबरात गुलाबाची छाटणी होते ती १४ फेब्रुवारीचा हिशेब मांडून. छाटणीनंतर साधारण दीड-पावणेदोन महिन्यांनी फूल येतं. थंडी चार दिवस जास्त पडली तरी शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण १५ तारखेला त्या लाल कळीचा भाव काय राहतो हे तो जाणतो. त्या शेतकऱ्याच्या कष्टाला मी कमी लेखत नाही. त्याच्यामुळे कितीतरी घरं चालतात.

पूर्वीपासून आपल्याकडे मात्र मोठे व्यवहार फुलापेक्षा पानावर झाले. लग्न ठरलं की पानसुपारी, कामगिरी घ्यायची तर विडा उचलायचा, दरबारात अत्तर-पान आलं की समजायचं, भेट संपली. दान देताना वर तुळशीचं पान ठेवलं की त्या वस्तूवरचा आपला हक्क सुटला. पान सगळ्यांच्या परड्यात असतं, हेच त्याचं कारण असावं. कर्नाटकात दसऱ्याला 'बन्नी' म्हणजे शमीची पानं देतात आणि तिथेही सोन्यासारखं राहू या असंच म्हणतात. म्हैसूरची दसऱ्याची मिरवणूक संपते ती बन्नीमंटपापाशी. तेलंगणात त्याच शमीला 'जम्मी' म्हणतात, तो त्यांचा राज्यवृक्ष आहे आणि तिकडेही तिची पानं सोनं म्हणून वाटतात. विराटनगरीबाहेर पांडवांनी शस्त्रं लपवली ती शमीवर, हे त्यामागचं कथासूत्र. आपण शमीला सौंदड म्हणतो, तिची पूजाही करतो, पण द्यायला निवडला आपटा. शमीची पानं अगदी बारीक, हातावर ठेवली की सांडतात. आपट्याचं पान कसं, एक दिलं की दिल्यासारखं वाटतं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मैत्रिणीकडे दसऱ्याला सोनेरी कागदाची पानं कापतात. ओली पानं विमानातून न्यायला तिथल्या कृषी-तपासणीची आडकाठी. कागदाला माझी हरकत नाही. पण मी तिला सांगितलं, तुझ्या रस्त्यावर रेडबडचं झाड असेल ते बघ. रेडबड आणि आपटा एकाच उपकुळातले. त्याचं पान न दुभंगलेलं, बदामाच्या आकाराचं, म्हणजे आपट्याच्या दोन्ही पाळ्या जणू मिटून एक झाल्या आहेत. आणि शरदात, आपल्या दसऱ्याच्या सुमारालाच, ते पिवळं होऊन आपोआप गळतं. तोडावंही लागत नाही.

*

अलीकडे सराफांकडे दसऱ्याला सोन्याची आपट्याची पानं मिळतात, अर्ध्या-एक ग्रॅमची, छोट्या डबीत. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे खपतातही. घरात गुंतवणूक म्हणून कुणी घेत असेल तर घ्यावं. पण ते दुसऱ्याच्या हातावर ठेवलं की त्याला परत काय द्यायचं हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि कौत्स-रघूच्या गोष्टीतून आपण दोघेही बाहेर पडतो.

दुसरा उपाय सुचवला जातो तो रोपाचा. पान नको, रोप द्या. हेतू चांगला आहे. पण समारंभात पुष्पगुच्छाऐवजी दिलेल्या किती रोपांचं झाड झालं, हे देणाऱ्यांनी महिन्याभराने जाऊन विचारावं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला वडाचं रोप देणं म्हणजे त्याच्यावर ओझं टाकणं. आपट्याच्या पानाने असं ओझं कधी टाकलं नाही, म्हणून तर ते इतकं टिकलं. रोप द्यायचंच तर जमीन, पाणी आणि दोन उन्हाळे राखण करणारा माणूस यांच्यासकट द्यावं. नाहीतर आपलं साधं पान द्यावं. खऱ्या आपट्याचं आणि एकच.

दोन भावांची हकिगत सांगणारे ते साताऱ्याकडचे गुरुजी नेमकं हेच करताहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मुलांना घेऊन डोंगरावर जातात, वाळलेल्या शेंगा गोळा करतात. बियांचं कवच टणक. म्हणून त्यांच्यावर गरम पाणी ओतून त्या रात्रभर भिजत ठेवायच्या, फुगलेल्या तेवढ्या वेचून पिशव्यांत लावायच्या, न फुगलेल्यांना पुन्हा पाणी द्यायचं. सगळ्या एकदम उगवत नाहीत. काही आठवड्यात, काही महिनाभराने. सुरुवातीला वाढ अगदी धिमी, त्यामुळे मुलं कंटाळतात, गुरुजी कंटाळत नाहीत.

पहिली रोपं त्यांनी शिवेवर लावली, सीमोल्लंघनाला गाव जिथे जातं तिथेच. ती आता कमरेएवढी आहेत. शाळेचा नियम असा की फांदीला हात लावायचा नाही. एका मुलाने एकच पान, तेही देठापासून खुडायचं. एवढ्याशा झाडांची पानं अख्ख्या गावाला पुरत नाहीत. मग मुलांनीच तोड काढली: एका दारात मिळालेलं पान पुढच्या दारात द्यायचं. पहिल्या वर्षी काही मोठ्यांनी नाकं मुरडली, दुसऱ्याचं सोनं आम्हाला कशाला म्हणाले. आता कुणी काही म्हणत नाही आणि एकेक पान पाच-सहा घरं फिरून येतं. पिशव्यांतली उरलेली रोपं येत्या जूनमध्ये ओढ्याच्या कडेने लावायची आहेत. खड्डे मे महिन्यात घ्यायचे ठरलंय आणि शेळ्यांपासून राखायला बोरीच्या काट्यांची जमवाजमव आत्तापासून चालू आहे.